पकड आधी, मोटर नंतर

स्लॉट कार बांधायला घेतली की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यांत वेगवान मोटर कोणती? त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: तिला कोणते गिअर लावले म्हणजे गाडी आणखी पळेल? हे दोन्ही प्रश्न उलट्या टोकाकडून सुरू होतात, असे माझे ठाम मत आहे आणि पुढची पाने त्या मतावरच उभी आहेत. मोटर आणि गिअर यांची निवड मागच्या टायरपासून सुरू करावी, तिथून ट्रॅककडे जावे, मग चालवणाऱ्याच्या बोटाकडे, आणि मोटरच्या डबीवर छापलेला आकडा सर्वांत शेवटी वाचावा. हा क्रम ज्याने पाळला त्याला कमी खर्चात चांगली गाडी मिळते. ज्याने पाळला नाही त्याच्याकडे वापरलेल्या मोटरींचा डबा भरत जातो आणि गाडी वळणावर बाहेर पडायची ती पडतच राहते.

या छंदाशी ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. ट्रॅकमध्ये एक खाच असते आणि गाडीच्या पुढच्या भागाखालची जिभली, म्हणजे गाइड, त्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. गाइडला लावलेल्या तांब्याच्या विणलेल्या झुपक्यांतून वीज मोटरपर्यंत पोचते. इंग्लंडमधल्या फ्रेड फ्रान्सिस यांनी आपल्या स्प्रिंगवर चालणाऱ्या ‘स्कॅलेक्स’ गाड्यांना विजेची मोटर बसवली आणि १९५७ साली हॅरोगेटच्या खेळणी-प्रदर्शनात ‘स्कॅलेक्सट्रिक’ म्हणून त्या मांडल्या. घरगुती स्लॉट रेसिंगचा प्रसार तिथून झाला. पुढच्या दहा वर्षांत जपानच्या माबुचीसारख्या कंपन्यांनी स्वस्त आणि चपळ मोटरी बाजारात आणल्या, अमेरिकेत गावोगावी मोठे व्यावसायिक ट्रॅक उभे राहिले, आणि हौशी मंडळी मोटरचा आर्मेचर उघडून त्यावर स्वतःच्या हिशोबाने तार गुंडाळू लागली. मोटर म्हणजेच गाडी ही समजूत त्या काळात रुजली असावी. गाडीला सुकाणू नाही, ब्रेकचे वेगळे पेडल नाही. चालवणाऱ्याच्या हातात आहे तो फक्त कंट्रोलरचा ट्रिगर. गाडी वेग घेते तो त्याच ट्रिगरने आणि थांबते तीही त्याच ट्रिगरने. या एका गोष्टीमुळे मोटर-गिअरचा प्रश्न खऱ्या मोटारीतल्या गिअरबॉक्सच्या प्रश्नापेक्षा वेगळा होतो.

आता हिशोब. एक साधी, कल्पित गाडी घेऊ: १/३२ मापाची, वजन ८० ग्रॅम, मागच्या टायरचा व्यास २० मिलिमीटर. मोटर १२ व्होल्टवर बिनभाराने मिनिटाला २०,००० फेरे घेणारी. मोटरवरच्या पिनियनला ९ दाते, ॲक्सलवरच्या गिअरला २७, म्हणजे गुणोत्तर तीनास एक. ॲक्सल मिनिटाला सुमारे ६,६६७ वेळा फिरेल, टायरचा परीघ ६२.८ मिलिमीटर, त्यामुळे वेग सेकंदाला जवळजवळ ७ मीटर, ताशी २५ किलोमीटर. मापाच्या पटीत तो ताशी ८०० किलोमीटर होतो, इतका की कोणत्याही शर्यतीच्या गाडीशी त्याची तुलना निरर्थक ठरावी. त्याच मोटरचा स्टॉल टॉर्क, म्हणजे फिरू न देता धरून ठेवली असता ती लावते तो पीळ, २०० ग्रॅम-सेंटिमीटर धरू. तिपटीने ॲक्सलवर तो ६०० होतो. टायरची त्रिज्या एक सेंटिमीटर, म्हणून टायर जमिनीला मागे ढकलतो तो जोर ६०० ग्रॅम. गाडी मात्र ८० ग्रॅमची. तिच्यातले ६० टक्के वजन मागच्या चाकांवर आहे असे मानले तर तिथे ४८ ग्रॅम भार पडतो. रबराची पकड अगदी उदारपणे भाराइतकी धरली, तरी टायर घसरल्याशिवाय ४८ ग्रॅमपेक्षा जास्त जोर ट्रॅकवर उतरवू शकत नाही. वेग घेताना वजन थोडे मागे सरकते, त्याने हा आकडा काहीसा वाढेल, पण ६०० च्या आसपासही फिरकणार नाही. मोटरकडे गरजेच्या बारापट जोर आहे आणि त्यातला बाराव्या हिश्शाहून जास्त ती गाडी वापरू शकत नाही.

कोणी म्हणेल, हा जोर सुरुवातीचा. वेग वाढला की मोटरचा पीळ कमी होत जातो, आणि वरच्या वेगाला ताकदवान मोटरच कामी येते. आक्षेप बरोबर आहे, म्हणून तोही मोजून पाहू. कायम चुंबकाच्या डीसी मोटरचा पीळ फेऱ्यांबरोबर सरळ रेषेत उतरतो: थांबलेली असताना सर्वांत जास्त, बिनभार वेगाला शून्य. घरगुती ट्रॅकवरची तीन मीटरची सरळ वाट घेऊ. वळणातून गाडी सेकंदाला दीड मीटरने बाहेर पडते, अर्धी वाट वेग घेते आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत पुढच्या वळणासाठी वेग सोडते. टायरची पकड जितकी वेगवाढ करू देईल तितकी घेऊनही ती मध्यावर सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास पोचते. त्या क्षणी आपल्या मोटरकडे टायरवर अजून सुमारे २१४ ग्रॅम जोर शिल्लक आहे. तिच्या निम्म्या पिळाची मोटर लावली असती तर १०७ ग्रॅम उरला असता. लागतात किती? ४८. म्हणजे या वाटेवर निम्म्या ताकदीची मोटरही काही गमावत नाही. प्रत्यक्षात गिअरचे घर्षण, झुपक्यांची ओढ आणि ट्रॅकच्या जोडांत होणारी व्होल्टेजची घट यांत थोडे जाते. ते सगळे वजा घालूनही निष्कर्ष बदलत नाही. सेकंदाला सात मीटरचा कमाल वेग तर या ट्रॅकवर कधी दिसतच नाही. ज्या आकड्यासाठी मोटर विकत घेतली तो आकडा डबीवरच राहतो.

मग मोटर आणि गिअर बदलल्याने फरक पडतो हे तर सगळ्यांनाच जाणवते, तो कशामुळे? माझ्या मते दोन गोष्टींमुळे, आणि दोन्हींकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पहिली आहे ब्रेक. ट्रिगर पूर्ण सोडला की कंट्रोलर मोटरची दोन टोके एकमेकांना जोडून टाकतो. चाकांनी फिरवली जाणारी मोटर त्या क्षणी जनित्र बनते, तिच्यातून वाहणारा प्रवाह तिलाच अडवतो आणि गाडीला लगाम बसतो. इथे गिअरचा प्रभाव गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो, कारण तेवढ्याच वेगाला मोटर जास्त फिरते, म्हणून अडवणारा पीळ वाढतो, आणि तो पीळही चाकापर्यंत जास्त पटीने पोचतो. पेटीतल्या गाड्यांत ९-२७ आणि ११-३६ या दोन्ही जोड्या सर्रास आढळतात. पहिलीचे गुणोत्तर ३, दुसरीचे सुमारे ३.२७. कागदावर फरक नऊ टक्क्यांचा. ब्रेकमध्ये तो एकोणीस टक्क्यांचा होतो. गिअर बदलल्यावर गाडी ‘चपळ झाली’ असे जे वाटते, त्यात वेग घेण्यापेक्षा वेग सोडण्याचा वाटा बरेचदा मोठा असतो. ब्रेक उशिरा लावता आला की सरळ वाट लांबल्यासारखी होते. पण तीच गोष्ट अती झाली की मागची चाके घसटत जातात, शेपूट बाहेर येते आणि चालवणारा टायरला दोष देतो.

दुसरी गोष्ट ट्रिगरची चाल. ट्रिगरचा प्रत्येक टप्पा मोटरला व्होल्टेजचा एक हिस्सा देतो आणि मोटर त्या हिश्शाच्या प्रमाणात एका वेगाला स्थिरावू पाहते. वळणाचा वेग सेकंदाला दीड मीटर असेल आणि गाडीचा बिनभार वेग सात मीटर, तर वळणातला सगळा व्यवहार ट्रिगरच्या पहिल्या २१ टक्क्यांत उरकावा लागतो. २०,००० ऐवजी १६,००० फेऱ्यांची मोटर त्याच गिअरवर घेतली तर तोच व्यवहार २७ टक्क्यांत पसरतो. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ट्रिगरची सगळी चाल दोन-तीन सेंटिमीटरची असते आणि वळणातली गाडी त्यातल्या मिलिमीटरावर तरते किंवा बुडते. जुन्या धाटणीच्या रोधकाच्या कंट्रोलरमध्ये तर हे आणखी घट्ट बांधलेले असते. जास्त प्रवाह खेचणाऱ्या मोटरला कमी ओहमचा कंट्रोलर लागतो, नाहीतर ट्रिगर अर्धा दाबेपर्यंत काही होत नाही आणि मग एकदम सगळे होते. मोटर बदलली की कंट्रोलर बदलावा लागतो, कंट्रोलर बदलला की घरगुती अडॅप्टर पुरत नाही. एका मोटरच्या मागे असा खर्चाचा शेपटा लागतो.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचे समर्थक इथे थांबवतात, आणि त्यांचे म्हणणे गांभीर्याने घ्यायला हवे. आता ब्रेकचा जोर आणि ट्रिगरची संवेदनशीलता बटणाने कमी-जास्त करता येते. मग मोटर कितीही आडदांड असली तरी काय बिघडले? बरेच काही साधते हे मी मान्य करतो. चांगला कंट्रोलर हा या छंदातला सर्वांत किफायतशीर खर्च आहे असेही म्हणेन. पण कंट्रोलर वीज आवरतो, वस्तुमान आवरत नाही. मोटरचा फिरणारा रोटर गाडीच्या जडत्वात भर घालतो आणि ही भरही गुणोत्तराच्या वर्गाच्या पटीत असते: तीनास एकला नऊपट, चारास एकला सोळापट. जड रोटर आणि मोठे गुणोत्तर एकत्र आले की गाडी वेग घेताना आणि सोडताना दोन्हीकडे आळशी होते, त्याला कोणतेही बटण नाही. शिवाय नको असलेली ताकद आधी विकत घ्यायची, मग ती दाबून ठेवायला दुसरे यंत्र विकत घ्यायचे, यात मला शहाणपण दिसत नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप मोठ्या ट्रॅकवाल्यांचा आहे. अमेरिकेतल्या ‘किंग’ नावाच्या आठ मार्गिकांच्या ट्रॅकची एक फेरी १५५ फुटांची, म्हणजे सुमारे ४७ मीटरची असते, आणि १/२४ मापाच्या पंखवाल्या गाड्या ती दोन सेकंदांच्या आत पूर्ण करतात. सरासरी वेग ताशी ८५ किलोमीटरच्या वर जातो. तिथे सौम्य मोटर घेऊन कोण उभे राहील? कोणीच नाही. पण त्या गाड्या नीट पाहा. पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची पाचरीसारखी बॉडी हवेने गाडीला खाली दाबते, टायर स्पंजाचे असतात, आणि ट्रॅकवर खास चिकट द्रव लावलेला असतो. तिथे आधी पकड कमावली आहे आणि मग तिला पेलेल इतकी मोटर बसवली आहे. माझा क्रम तिथेही तोच राहतो, फक्त आकडे बदलतात. चुंबकाच्या गाड्यांचेही असेच. चेसिसखालचा चुंबक ट्रॅकच्या पोलादी पट्टीला ओढत असतो. त्याने मागच्या चाकांवर आणखी दीडशे ग्रॅम भार टाकला असे धरले, तर आपल्या गाडीची पकड एकदम चौपट होते आणि मोठी मोटर खरोखर कामाला येते. काही मोटरींच्या डबीला खालून खिडकी असते, तिच्यातून मोटरचाच चुंबक पट्टीला ओढतो, आणि ‘ही मोटर वळणाला चांगली’ अशी कीर्ती तिला मिळते. तीच मोटर तांब्याची फीत चिकटवलेल्या लाकडी ट्रॅकवर नेली की कीर्ती संपते, कारण तांबे चुंबकाला दाद देत नाही. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, त्यामुळे अशी गाडी पट्टीवरून थोडी सरकली की सगळी पकड एकाच वेळी जाते. माझा कल बिनचुंबकी गाडीकडे आहे. तिच्यात टायर, वजन, गिअर आणि मोटर यांचे नाते उघडपणे दिसते आणि शिकायला मिळते.

मोटर चेसिसमध्ये कशी बसते यावर गिअरची निवड किती मोकळी राहते हे ठरते. मोटर गाडीच्या लांबीला समांतर असली की पिनियन क्राउन गिअरला काटकोनात भिडतो. इथे गुणोत्तर बदलणे सोपे असते, पण मोटरच्या पिळाची उलट प्रतिक्रिया चेसिसला आडवे कलवते आणि एका मागच्या चाकावरचा भार घटतो. मोटर ॲक्सलला समांतर, म्हणजे आडवी बसवली की ही अडचण जाते आणि दुसरी येते: दोन आसांमधले अंतर ठरलेले असते आणि दात्यांची बेरीज त्या अंतराला बांधलेली असते. मॉड्यूल म्हणजे दात्यांच्या आकाराचे माप; अर्ध्या मॉड्यूलच्या दात्यांचे उदाहरण घेऊ. १२ आणि ३६ दात्यांना बरोबर १२ मिलिमीटर अंतर लागते. पिनियन ११ चा केला की ११.७५. पाव मिलिमीटर कानाला लहान लागते, पण या दात्यांची उंचीच एक मिलिमीटरच्या थोडी वर असते. पाव मिलिमीटर ढिलाईत दाते नुसते टोकांनी भिडतात आणि लवकर झिजतात. म्हणून काही उत्पादक व्यास तोच ठेवून दात्यांची संख्या बदललेले गिअर बनवतात. ते महाग असतात, पण आडव्या मोटरच्या गाडीत ते वाजवी आहेत. तिरपी मोटर ही या दोहोंमधली तडजोड. जरा मोठी मोटर मागच्या चाकांच्या जवळ मावते, पण दाते कोनात भिडत असल्याने जुळणीला चुकीची मुभा कमी.

जुळणीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मोटरवर खर्च केलेले पैसे इथेच वाया जातात. पिनियन आणि गिअर यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवून मोटर सरकवावी, दाते कागदावर टेकले की मोटर स्क्रूने किंवा डिंकाच्या थेंबाने पक्की करावी आणि ॲक्सल फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दात्यांचे ठसे एकसारखे उमटले तर जुळणी बरोबर. एका बाजूला खोल आणि दुसरीकडे पुसट उमटले तर ॲक्सल किंवा मोटर तिरकी आहे. ठसे फिरत्या क्रमाने खोल-पुसट होत असतील तर गिअर ॲक्सलवर मध्यात बसलेला नाही. मग तीन-चार व्होल्टवर गाडी उलटी धरून ऐकावे. सलग गुणगुण हवी. खरखर असेल तर दाते फार घट्ट, टकटक असेल तर फार सैल. दात्यांच्या संख्येतही एक बारकावा आहे. ९ आणि २७ मध्ये पिनियनचा तोच दात गिअरच्या त्याच तीन दात्यांना आयुष्यभर भेटत राहतो, त्यामुळे एखाद्या दात्यातली उणीव त्याच जागी कोरली जाते. ९ आणि २८ मध्ये प्रत्येक दाता आळीपाळीने प्रत्येकाला भेटतो आणि झीज वाटली जाते. गुणोत्तरातला फरक नगण्य, पण लांब शर्यतीत हा एक दाता आपली किंमत वसूल करतो. नव्या मोटरलाही आधी कमी व्होल्टवर बिनभार फिरू द्यावे, म्हणजे ब्रश कम्युटेटरच्या गोलाईला नीट बसतात. एकाच खोक्यातल्या दोन मोटरींत फरक असतो, हे त्यानंतर मोजले तरच खरे कळते.

शेवटचा आक्षेप हिशोबावरच घेतला जातो: कागदावर काय ठरवता, घड्याळ लावा, फेऱ्या मारा, जी गाडी कमी वेळ घेईल ती चांगली. घड्याळाचा निकाल मलाही अंतिम मान्य आहे. पण एका बाजूला पाच मोटरी आणि दुसऱ्या बाजूला सहा गुणोत्तरे ठेवली तर तीस जोड्या होतात, त्यांत टायर आणि वजन मिळवले तर शेकडो. त्या सगळ्या घड्याळासमोर उभ्या करायला कोणाकडे वेळ नाही. हिशोब त्यांतल्या दोन-तीन निवडून देतो. शिवाय एका सर्वोत्तम फेरीचा आकडा फसवा असतो. घरगुती शर्यतीत एकदा बाहेर पडलेली गाडी उचलून परत खाचेत बसवायला जे सेकंद जातात, ते पुढच्या वीस फेऱ्यांत दशांशाने मिळवलेल्या वेळाला पुसून टाकतात. म्हणून घड्याळ लावायचेच तर सलग वीस फेऱ्यांचे लावावे आणि बाहेर पडलेल्या फेऱ्याही त्यात धराव्यात. सौम्य मोटर आणि थोडे मोठे गुणोत्तर असलेली गाडी तिथे वर येते, हे कोणीही स्वतः पडताळून पाहू शकतो.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक व्यवहाराची गोष्ट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात १३० आकाराच्या छोट्या डीसी मोटरी थोड्या पैशांत मिळतात आणि त्यांची डबी स्लॉट कारच्या मोटरीसारखीच दिसते. आकार सारखा असला तरी आतली तार वेगळी असते. त्यांतल्या बऱ्याच मोटरी तीन ते सहा व्होल्टच्या खेळण्यांसाठी गुंडाळलेल्या असतात. १२ व्होल्टवर त्या भन्नाट फिरतात, भरमसाट प्रवाह खेचतात आणि लवकरच ब्रश जाळून बसतात. मोटर कोणत्या व्होल्टची आहे हे विचारून घ्यावे, बिनभार प्रवाह मल्टिमीटरने मोजावा आणि गरम होण्याचा अंदाज घेऊनच ती गाडीत बसवावी. पिनियन मात्र दोन मिलिमीटरच्या शाफ्टला घट्ट बसणारा आणि गिअरच्या मॉड्यूलचाच हवा. तिथे जवळपासचा चालत नाही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. आधी टायर आणि वजनाची वाटणी, मग ट्रॅकची मोजणी, त्यानंतर मोटर आणि सर्वांत शेवटी गिअर. घाई असेल त्याने शेवटच्या प्रकरणातला तक्ता उघडला तरी चालेल, पण त्यातला आकडा वापरण्याआधी स्वतःच्या ट्रॅकची सर्वांत लांब सरळ वाट टेपने मोजावी आणि गाडीचा मागचा भाग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टेकवून मागच्या चाकांवरचे ग्रॅम लिहून घ्यावेत. तक्त्याच्या पहिल्या दोन रकान्यांत हेच दोन आकडे भरायचे आहेत.